नीट केलेला कोट

काकाजींनी मला वाचवलं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, नाहीतर माझी चूक सांगता सांगता त्यांचंच राहून जायचं.

काकाजी म्हणजे भिंगारच्या बाजारात आमच्या दुकानासमोर कोळशाची इस्त्री करणारे. नात्याने माझे कोणी नाहीत. ते इथलेच, मी पार गोंदियाकडची. आमच्याकडे मोठ्या माणसाला काकाजी म्हणतात म्हणून मी म्हटलं, आणि माझं "हो जी, नाही जी" ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव जीबाई ठेवलं. सत्तरीला टेकलेत. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय, इस्त्रीच्या वजनानं.

सहावीत माझी शाळा सुटली. हातात सुई मात्र लहानपणापासून होती. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. त्याच्या ओळखीनंच मला हे काम मिळालं. दुकान फौजी कपड्यांचं. वर्दी, टोप्या, फिती, बिल्ले. कटिंग आणि शिलाई मास्टर करतात, म्हणजे मालकच. तुरपाई, काज-बटण आणि रफू माझ्याकडे. दुकानामागची खोली त्यांनी आम्हाला राहायला दिली, तेव्हा म्हणाले होते, "काम हाय तवर खोली. काय?" मी म्हटलं, हो जी. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या उशाशी असतं. माझ्या आधी इथं एक कारागीर होता. एका अधिकाऱ्याच्या कोटावर त्याची कात्री चुकून चालली. जेवायच्या सुट्टीच्या आत त्याला पिशवी घेऊन जावं लागलं. त्याच्याच स्टुलावर मी बसते.

मी मास्टरांचं वाईट बोलत नाही. त्यांनी जागा दिली, तीही ओळखपाळख नसताना. पण ज्यानं उपकार केलेत त्याची भीती जास्त वाटते. आवाज चढला की माझ्या हातातली सुई थांबते.

आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी घाबरले. काकाजींच्या टेबलामागे एक बैठं घर आहे. छावणीतल्या कुठल्याशा कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक साहेब तिथं एकटेच राहतात. सकाळी दहाच्या सुमाराला त्या घराच्या खिडकीतून असा काही आरडाओरडा सुरू झाला की मला वाटलं आत कोणाला तरी मारतायत. पत्रे बडवल्यासारखा आवाज, आणि वर एक माणूस घसा फाटेपर्यंत ओरडतोय. मी रस्ता ओलांडून धावत गेले.

"काकाजी, आत मारामारी चालली जी! कोणाला तरी बोलवा!"

काकाजींनी इस्त्री उचललीसुद्धा नाही. "मारामारी न्हाई, जीबाई. गानी हायेत."

"ही गाणी?"

"विलायतची. थांब, आता समदे गप बसतील. एक, दोन, तीन... आन् आता ह्यो गडी पुन्हा वरडंल बघ."

आणि खरंच, बरोब्बर त्याच वेळी तो ओरडला. काकाजी हसले, शर्टाची बाही उलटी केली आणि त्या बडबडाटाच्या तालावर इस्त्री फिरवायला लागले.

हळूहळू त्यांनी मला सगळं समजावलं. साहेब तरुण असताना त्यांच्या एका मित्राचे नातेवाईक इंग्लंडात होते. ते तिकडून कॅसेटी पाठवायचे. साहेब, तो मित्र आणि आणखी दोघं मिळून ऐकायचे, ते अजून ऐकतायत. विलायतेतल्या पोरांचे म्हणे दोन गट होते. साहेब त्यांना पंक आणि मॉड म्हणतात. काकाजींनी आपली सोपी नावं ठेवली होती, पिनवाले आणि सूटवाले.

"पिनवाले मंजी फाटकी कापडं, त्याला पिना, आन् जगावर राग. सूटवाले मंजी ऐटबाज, बारीक पँटी, स्कूटरवर बसायचं तरी कापडाला चुनी पडू द्यायची न्हाई. पिनवाल्यांच्या गान्यावर मी शर्ट करतो. भराभरा हुत्यात. सूटवाल्यांच्या गान्यावर पँट. घडी आशी सरळ येती, जीबाई, की बघत ऱ्हावं."

"तुम्हाला समजतं का जी, काय म्हणतात ते?"

"एक बी शब्द न्हाई." मग जरा वाकून म्हणाले, "एक गानं हाय, त्यात ह्यो गडी म्हनतो, 'चल रे दगडू, दार उघड.' मला तसंच आयकू येतं. साहेबांनी खरा अर्थ सांगितला हुता एकदा. मला न्हाई आवडला. माझाच बरा हाय."

त्या जागेवर त्यांनी चाळीसेक वर्षं काढलीत. सुरुवातीला वैतागायचे, खिडकीवर खडा मारलाय म्हणे एकदा. आता रविवारी दहाला खिडकी उघडली नाही तर त्यांचाच जीव वरखाली होतो. साहेबही स्पीकर खिडकीकडे तोंड करून ठेवतात. दोघांचं बोलणं फार नाही. एक वाजवतो, एक ऐकतो.

वर्षातून एका रविवारी मात्र काकाजी टेबल बंद ठेवतात. कॅसेटीवाला मित्र काही वर्षांपूर्वी वारला. त्याच्या आठवणीचा तो रविवार. सोनईहून एकजण येतो, नगरमधून दुसरा, आणि त्या दिवशी साहेब काकाजींना आत बोलावतात. खुर्ची देतात. धुतलेला सदरा घालून काकाजी आत जातात आणि दिवसभर खिडकीच्या आतल्या बाजूनं गाणी ऐकतात. एवढं मला ठाऊक होतं. त्या दिवशी साहेब अंगात काय घालतात, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. गुरुवारी मास्टरांनी माझ्यापुढे एक बोचकं टाकलं.

"समोरच्या साहेबांचा कोट हाय. चेन गेलीय. नीट कर. शनिवारी सांजच्याला न्यायला येतील."

कोटाच्या खिशाला एक चिठ्ठी टाचलेली होती. इंग्रजीत दोन शब्द. मला इंग्रजी वाचता येत नाही, आणि मास्टर तोवर गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावून उभे होते. चिठ्ठी काढून मी माझ्या डब्याखाली ठेवली. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर फार तर एक शिवी बसली असती.

कोट उघडला आणि मला गलबलून आलं. लष्कराच्या जुन्या मालातला, हिरवट, गुडघ्यापर्यंत लांब. कोपरांवर फाटलेला, खिशापाशी फाटलेला, खांद्यावर तर चांगला वीतभर टराटरा फाटलेला. ती भोकं सेफ्टी पिनांनी कशीबशी धरून ठेवलेली. मागून खालपर्यंत चिरलेला, शेपटीसारखी दोन टोकं लोंबतायत. आणि पाठीवर रंगानं काढलेला गोल, त्यात गोल, त्यात आणखी एक. तो बघून तर मी कोट उलटाच केला. छावणीकडे चांदमारीला असेच गोल असतात, नवऱ्यानं ट्रकमधून दाखवले होते. माणसाच्या पाठीवर कोणी नेमबाजीचा गोल काढतं का?

मला वाटलं, एकटा म्हातारा माणूस. घरात शिवणारं कोणी नाही. पिना लावून दिवस काढतोय. मास्टरांनी "नीट कर" म्हटलंय, तर नीटच करावं. ह्या बाजारानं मला सांभाळलं, माझ्याकडून एवढं तरी.

दोन दिवस मी त्या कोटावर बसले. आधी पिना काढल्या, सतरा होत्या, आणि माझ्या डब्यात टाकल्या. मग खालच्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढले आणि एकेक भोक विणत गेले. रफूत धागा कापडाचाच असेल तर डोळ्याला पत्ता लागत नाही. अकरा जागा भरल्या. मागची चीर उसवली असेल असं समजून शिवून टाकली. खांद्यावर सगळ्यात जास्त जीव लावला. लोंबणारे दोरे कातरले, आतून अस्तर दिलं, वरून इतकं बारीक विणलं की माझं मलाच कौतुक वाटलं. रंगीत गोल तेवढा काढता आला नाही, त्याला वेळ पुरला नाही. नवी चेन बसवली. शनिवारी दुपारी एक वाजता मास्टर जेवायला आणि वामकुक्षीला घरी गेले, तसा मी कोट घेऊन रस्ता ओलांडला.

"काकाजी, एवढी इस्त्री मारून द्या जी. साहेबांचा आहे."

त्यांनी कोट टेबलावर पसरला. हात फिरवला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला तेव्हाच समजलं की काहीतरी भयंकर झालंय. काकाजींचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"हे काय केलंस, बाई?"

जीबाई म्हणाले नाहीत.

"नीट केला जी. मास्टर म्हणाले..."

"पिना कुठं हायेत?"

"डब्यात."

"कसल्या डब्यात?"

"पिनांच्या. दुकानाच्या."

ते स्टुलावर बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. हा कोट साहेबांचा एकट्याचा नव्हताच. चौघांनी मिळून भंगारातून घेतलेला. सूटवाले स्कूटरवर सुटावरून असलाच कोट घालायचे, म्हणून कॅसेटीच्या वेष्टणावरचं चित्र बघून मागची चीर चौघांनीच कापली, गोल त्यांनीच रंगवला, आणि पिनवाल्यांसारख्या पिनाही लावल्या, कारण चौघांत दोघं इकडचे आणि दोघं तिकडचे. एक कोट, म्हणून दोन्ही. एकेक फाटकी जागा एकेका दिवसाची. आणि खांदा? पिनवाले खरे की सूटवाले खरे, यावरून एका रविवारी साहेब आणि तो मित्र भांडले. भांडण हातघाईवर आलं. मित्रानं धरून ओढलं आणि खांदा फाटला. दुसऱ्या दिवशी मित्र स्वतःच्या आईच्या पोलक्याची पिन घेऊन आला आणि न बोलता तिथं लावून गेला.

"त्यो गेला तवापासून ह्या कोटाला मी इस्त्री बी लावलेली न्हाई," काकाजी म्हणाले. "साहेब लावू देत न्हाईत. उद्या त्यो रविवार हाय."

माझ्या डोळ्यांपुढे माझी पिशवी आली. त्यात काय काय भरायचं हेसुद्धा. नवरा तेव्हा तिकडे ओडिशाच्या बाजूला होता, चार दिवस येणार नव्हता. खोली गेली तर मी कुठं बसणार? स्टँडवर? मी काकाजींच्या पायाशीच बसले.

"ऊठ. मास्तर कधी येतो?"

"चारला."

"मंग तीन तास हायेत. डबा आन. बिलेड आन."

आम्ही टेबलाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलो. मागची चीर पहिल्यांदा उसवली, ती शिवण होती, लगेच निघाली. पण रफू? मी बोटं फिरवते, डोळे फाडून बघते, आणि माझंच काम मला सापडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपला हात एवढा चांगला नसता तर बरं झालं असतं. काकाजींनी ओलं फडकं टाकून वरून गरम इस्त्री फिरवली. फडकं उचललं तसा वाफाळलेल्या कापडावर कुठं कुठं वेगळा उजेड दिसला. जिथं धागा दुहेरी, तिथं इस्त्रीखाली कापड लकाकतं. "ही बघ एक. ही दुसरी." ते खडूनं खुणा करत गेले, मी सुईच्या टोकानं धागे उचकटत गेले. रस्त्यावरून कोणी गेलं की मी कोटावर फडकं ओढायची. एकदा शेजारचा चपलांचा दुकानदार डोकावला.

"काय वं, आज बाईला इस्त्री शिकवता का?"

"व्हय. तुझ्या चपलांना बी करून देतो. ठेव हितं."

तो हसत गेला. मला हसायला आलं नाही.

पिनांचं वाटलं होतं तेवढं अवघड निघालं नाही. दुकानाच्या पिना नव्या, चकचकीत. कोटाच्या जुन्या, काळ्या पडलेल्या, लगेच वेगळ्या झाल्या. पण कुठली कुठं? तेही काकाजींनीच दाखवलं. इतकी वर्षं एकाच जागी राहून प्रत्येक पिनेनं कापडावर आपल्या मापाचा गंज सोडला होता. लहान पिनेचा लहान, मोठीचा मोठा. आम्ही एकेक पिन त्या त्या डागावर ठेवून पाहिली. डाव्या खिशावरची एक जाड होती, लाँड्रीत कपड्यांना नंबर टाचतात तसली. ती काकाजींनी तळहातावर घेतली.

"ही माझी हाय," मग म्हणाले. "त्या मित्राच्या पयल्या वर्साला साहेबांनी मला आत बोलवलं, तवा म्हनले, तुझी बी एक लाव. तवापासून मी त्यांच्यातला."

दहा जागा उसवून झाल्या. खांदा तेवढा राहिला. तिथला धागा उचकटता उचकटेना, आणि दोरे तर मी कातरूनच टाकले होते. पावणेचार झाले. मी ब्लेड हातात घेतलं.

"काकाजी, फाडते जी. परत फाडते. कोणाला समजणार नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. "न्हाई. फाडलेलं येगळं, फाटलेलं येगळं. त्यो त्याच्या मित्राचा हात हुता." आणि आईच्या पोलक्याची ती पिन त्यांनी माझ्या रफूवरच, गंजाच्या डागावर, अलगद लावली.

पाचला साहेब आले. मास्टर काउंटरवर. मी माझ्या स्टुलावर, एका बिल्ल्यात दोरा ओवतेय असं दाखवत. साहेबांनी चेन वर केली, खाली केली. "छान." मग एकेका पिनेवरून बोट फिरवत गेले, जपमाळ ओढावी तसं. कोपर. खिसा. खांद्यावर बोट आलं आणि थांबलं. पिन उघडून त्यांनी खालचं कापड चाचपलं.

"इथं फाटलेलं होतं," ते हळूच म्हणाले. "मी चिठ्ठी लावली होती. 'फक्त चेन.' एवढंच लिहिलं होतं."

मास्टर माझ्याकडे वळले. "बाई?"

मी उठून उभी राहिले, बिल्ला हातातच. मास्टर एक पाऊल माझ्याकडे आले, आणि रस्त्यापलीकडून काकाजींचा आवाज आला. ते इस्त्री सोडून चालत येत होते.

"साहेब, त्ये मी सांगितलं शिवायला. कोट माझ्याकडं आल्ता. म्हनलं थंडीचे दिस, खांद्यातनं वारं जातंय. बाईला म्या म्हनलं, एवढं शिव. तिला काय म्हाईत?"

साहेबांनी उघडी पिन पुन्हा बंद केली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू सांगितलंस? तुला सगळं माहीत असताना?"

"व्हय. म्हातारपन, साहेब. डोकं चालत न्हाई."

मास्टर पुटपुटले, "इस्त्रीवाल्यानं इस्त्री करावी." साहेबांनी कोटाची घडी घातली, काखेत धरली. पायरी उतरताना मागं न बघता म्हणाले, "उद्या तुझं टेबल चालू ठेव."

म्हणजे आत येऊ नको. काकाजींनी मान हलवली आणि रस्ता ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी दहाला खिडकी उघडली. सोनईचे आले, नगरचे आले. गाणी सुरू झाली. काकाजी आपल्या टेबलाशी रोजच्यासारखे उभे. मी चहा घेऊन गेले. त्यांच्यापुढे एकच शर्ट होता, तो होता तिथंच होता. ते दगडूचं गाणं लागलं आणि त्यांनी इस्त्री उचलून विटेवर ठेवली. कापड जळू नये म्हणून.

"काकाजी, मी जाते आत. सांगते साहेबांना."

"गप बस. तुझी खोली जाईल. माझं काय जातंय? खिडकी तर उघडी हाय की."

मी गेले नाही. खरं तेच लिहिते, मी गेले नाही. कप घेऊन दुकानात परत आले आणि स्टुलावर बसले.

सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं होतं. ती जाड पिन. काकाजींनी ती सदऱ्याच्या आत, छातीपाशी टाचली आणि कोळसे पेटवायला घेतले. तेव्हापासून रविवारी खिडकी उघडते, ते ऐकतात, ताल धरतात, पण साहेब बाहेर आले की दोघंही दुसरीकडे बघतात. मी रोज समोरून पाहते. अजून माझी भीती गेलेली नाही. मास्टरांनी हाक मारली की आधी पिशवी आठवते, मग काम.

नवरा आता दुसरी खोली शोधतोय. मिळो न मिळो. काकाजी, तो रविवार पुन्हा यायच्या आत मी साहेबांचं दार वाजवीन, माझ्या तोंडानं सांगीन की खांदा मी शिवला, मीच शिवला. आणि तुमची ती पिन सदऱ्यातून काढून डाव्या खिशावर, तिच्या गंजाच्या डागावर, माझ्या हातानं परत लावीन जी.